दारापर्यंत सोडायचं काम

सोमवार, ७ एप्रिल २०२५

ऋतुजाने माझा अर्ज परस्पर पाठवला! फिटनेस क्लबात. कस्टमर सर्व्हिससाठी. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तरी मी काही बोललो नसतो, आणि मी गप्प बसलो की लेक तो होकार धरते. हे तिच्या आईकडून शिकली.

अर्जाला फोटो लावलाय पुतणीच्या लग्नातला. बाजूची माणसं कापून टाकली, पण माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाय. छंदाच्या रकान्यात लिहिलंय — "लोकांशी गप्पा मारणे." मी! ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीत तीस वर्षं बसून दाखले दिले, त्यात माझी वाक्यं दोनच. "सही इथे" आणि "उद्या या."

तिचं कारण मला माहीत आहे. पुण्याची नोकरी तिने दोनदा पुढे ढकलली. आता त्यांनी शेवटची तारीख दिली, पाच मे. "बाबा, तुम्ही चार माणसांत बसायला लागलात की मी जाते. तुम्हाला असं भिंतीकडे बघत टाकून नाही जाणार."

रुक्मिणीला जाऊन नऊ महिने झाले. मी घरात बसून आहे, हे खरं. पण गप्प तर मी आधीही होतोच की. तेव्हा कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण ती दोघांचं बोलायची.

मंगळवार, ८ एप्रिल

क्लबाचा फोन आला. परवा सकाळी अकरा वाजता मुलाखत. तिथे जायचं म्हणून आधी थोडा व्यायाम करावा का? गच्चीचा जिना दोनदा चढलो. पुरे.

गुरुवार, १० एप्रिल

शुक्रवार पेठेतून जुळे सोलापूर, भर उन्हात, स्कूटरवर. शर्ट पाठीला चिकटला. मालक पृथ्वीराज, तिशीचा असेल, मला बघून म्हणाला, "वा काका! वॉर्मअप करूनच आलाव!"

काउंटरवरच्या पोराने एक फॉर्म दिला. "आपले ध्येय काय?" — मी लिहिलं, सध्या काही नाही. "वजन वाढवायचे की कमी करायचे?" — आहे तेवढं राहू द्यावे. छातीचं माप माहीत नव्हतं, बनियनचं लिहिलं. मग एक ट्रेनर आला, नाव अजिंक्य, दंड माझ्या मांडीएवढे. त्याने मला काट्यावर उभं केलं. "पंचावन्न! काका, लई काम आहे तुमच्यावर." पोटरीला टेप लावल्यावर कळलं की हा सभासद होण्याचा फॉर्म आहे. मला वाटलं होतं, हल्ली मुलाखती अशाच घेतात.

सोफ्यावर एक म्हातारी पाय वर घेऊन बसलेली. नऊवारी, कपाळावर गोंदण. मागच्या भिंतीवर घट्ट कपड्यातल्या बाईचं पोस्टर, खाली ह्या! पृथ्वीराजची आजी, बजाबाई. मूळच्या मैंदर्गीच्या. उन्हाळा सोसत नाही म्हणून नातू रोज त्यांना एसीत आणून बसवतो. पट्ट्यावर पळणाऱ्या एका मुलाकडे बोट करून मला म्हणाल्या, "कवाधरनं पळायलाय बघा. अजून हितंच हाय की!"

मला हसू आलं. आवाज झाला नाही, पण आलं.

मुलाखत अशी — "काका, ग्राहक म्हणजे तुमच्या मते कोण?" मी विचार करत होतो. त्याने वाट पाहिली, मग स्वतःच सुरू झाला. ग्राहक म्हणजे घरचा माणूस, त्याला ऐकून घेणारा माणूस हवा असतो, वगैरे पाच मिनिटं. शेवटी टेबलावर हात मारून म्हणाला, "करेक्ट, काका!"

मी एक शब्द बोललो नव्हतो.

दुसरा प्रश्न. "आरशात किती वेळ बघता?" म्हटलं, दाढीपुरतं. हे त्याने लिहून घेतलं. काउंटरवर आधी ठेवलेली दोन्ही पोरं दिवसभर आरशापुढे दंड बघत उभी राहायची म्हणे, फोन वाजून वाजून बंद व्हायचे. आजचा पोरगाही तसलाच. माझ्यानंतर आत गेलेला उमेदवार जाता जाता काचेत स्वतःला बघून केस सारखे करताना मी पाहिला. तिथेच त्याचं संपलं असणार.

शनिवार, १२ एप्रिल

आज प्रात्यक्षिक. अजिंक्यने चिडलेला सभासद व्हायचं, मी त्याला शांत करायचं.

तो दार ढकलून आला. "एसी बंद आहे! तीन दिवस झाले! कुणाला लाज आहे का नाही?" नाटक चांगलं करतो. मी म्हणालो, "बसा." पाणी दिलं. समोर बसलो.

मला एवढंच येतं. नऊ महिने घरी भेटायला माणसं येतायत. येणारा बसतो, पाणी पितो, रुक्मिणीबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि मग आपल्या घरचं सांगायला लागतो. कुणाची सून, कुणाचं मूतखड्याचं ऑपरेशन. मी मान हलवतो.

अजिंक्य एसीबद्दल बोलला. मी मान हलवली. मग म्हणाला, उकाड्यानं झोप येत नाही. मान हलवली. मग म्हणाला, "आणि खरं सांगू का काका, घरी अंडं चालत नाही. आईला वाटतं, माझं अंग कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीवर झालंय. शेजाऱ्यांना अभिमानानं सांगते. मी रोज बारा अंडी क्लबाच्या जिन्याखाली उभं राहून खातो. चोरासारखी." डोळे पुसले त्याने. एवढा दांडगा माणूस!

पृथ्वीराज मागून ओरडला, "अरे, हा सीन नव्हता!"

पण खूश झाला. अजिंक्य उठला, मी त्याला दारापर्यंत सोडलं, हात जोडले. झालं. पृथ्वीराज म्हणाला, "काका, बाकी शंभर मार्क. शेवटचं वाक्य राहिलं. जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं — धन्यवाद, उद्या नक्की या!"

"धन्यवाद," मी म्हणालो. "उद्या नक्की—"

पुढे सरकेना. खोकलो. पुन्हा. "उद्या नक्की—" अजिंक्य दारातून तीनदा बाहेर गेला, तीनदा आत आला. चौथ्यांदा म्हणाला, "काका, नुसतं तोंड हलवा, मी समजतो."

पृथ्वीराज गंभीर झाला. लोक हौसेनं नाव घालतात, चार दिवस येतात, पाचव्या दिवशी गायब. त्यांना परत बोलावणारा माणूसच त्याला हवा आहे. "हे वाक्य म्हणजेच नोकरी आहे, काका. तीस एप्रिलपर्यंत ठेवून बघू."

खिडकीतून तीस वर्षं हेच म्हणत होतो. "उद्या या." मुलं शिव्या द्यायची. आणि आता येत नाही! का येत नाही, ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

सोमवार, १४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. क्लब बंद. फ्रिजसमोर उभं राहून सराव केला. ऋतुजा मागे येऊन उभी. "बाबा, फ्रिजला कुठं पाठवताय?"

बुधवार, १६ एप्रिल

कामाचा टी-शर्ट मिळाला. सगळ्यात लहान साइज, तरी आत अजून एक मी मावेन. पाठीवर लिहिलंय "थांबू नका!" दिवसभर काउंटरवर बसून असतो, पाठ भिंतीकडे.

वाक्याचा तात्पुरता उपाय मीच काढला. "उद्या नक्की या!" असा बोर्ड रंगवून मागे लावला. माणूस निघाला की मी हात जोडतो आणि बोर्डाकडे बोट करतो. दुपारच्या बॅचच्या बायका आता मला बघितलं की स्वतःच बोर्डाकडे बोट करतात आणि हसतात.

संध्याकाळी बजाबाई घरी निघाल्या. मी त्यांना काठी दिली, दार धरलं, हात जोडून उभा राहिलो. त्या उंबऱ्यात थांबल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्यात कोण गेलंय?"

पृथ्वीराज चपापला. मी म्हणालो, "मंडळी."

"तरीच! म्या म्हनलं, ह्यो मानूस दुखवट्याला आल्यावानी का सोडतुया सगळ्यास्नी. ना या, ना बसा." आणि नातवाकडे वळून — "आरं, सुतकाच्या घरातनं जाताना येतो म्हनत न्हाईत, घरच्यानं या म्हनायचं न्हाय. तेवडंबी ठावं न्हाय तुला? ह्येंच्या जिभंला सवय लागलीया."

मग मला — "कवा गेली?"

"जुलैत."

"अन् आजून? तेराव्यालाच फिटतंय की ते! घरचं सुतक हितं कशाला आनलासा? ही पोरं आदीच उचलून उचलून मराया लागल्यात."

पृथ्वीराज खाली वाकला. त्याने आजीची चप्पल सरळ केली.

शुक्रवार, १८ एप्रिल

पृथ्वीराजने नवी युक्ती काढली. "काका, मराठीत अडतंय ना? कन्नडात म्हणा. होगि बर्री. जाऊन या, एवढाच अर्थ. कन्नडात तुमची जीभ कुठं अडकणार?"

आणि निघालं! पहिल्याच झटक्यात! सकाळपासून प्रत्येकाला होगि बर्री. बजाबाई म्हणाल्या, "कन्नडात म्हनलं की दोष लागत न्हाय व्हय? द्येवाला काय एकच भाषा येती?"

गडबड दुपारी झाली. महादेवप्पा म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ येतात, फक्त सायकलवर बसतात, पेडल मारत नाहीत. मी होगि बर्री म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला. परत आले, काउंटरला टेकले आणि पाऊण तास माझ्याशी कन्नडात बोलले. मला त्यातलं "चहा" कळलं. मी मान हलवत होतो. शेवटी त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळे पुसले आणि गेले.

अजिंक्यला कन्नड येतं. तो पोट धरून हसत होता. "काका, रविवारी त्यांच्या नातवाचं जावळ आहे मैंदर्गीला. तुम्ही लेकीला घेऊन जेवायला येतो म्हणून कबूल केलंय."

वर्षाच्या आत शुभकार्याला जावं का, मी बजाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जेवाय बोलावलंय. नवरदेव म्हनून न्हाय."

रविवार, २० एप्रिल

मैंदर्गीला जाऊन आलो. एसटीत ऋतुजा सारखी हसत होती. "बाबा, नऊ महिने तुम्ही कोपऱ्यावर दूध आणायला जात नव्हता. आता अनोळखी माणसाच्या नातवाचं टक्कल बघायला चाललाय."

जेवण उत्तम. नातू जोरात रडला. महादेवप्पांनी माझी ओळख सगळ्यांना कन्नडात करून दिली. काय सांगितलं देव जाणे, तीन बायांनी मला जास्तीची पोळी वाढली.

निघताना अख्खं घर दारात आलं. म्हाताऱ्या, पोरं, टकलू नातू कडेवर. सगळे एका आवाजात — होगि बर्री, होगि बर्री! ऋतुजाने अर्थ विचारला. मी सांगितला. त्यानंतर सोलापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मीही.

आता लिहितो.

सात जुलै. रुक्मिणी बार्शीला बहिणीकडे निघाली होती, दोन दिवसांसाठी. दारात चपला घालताना म्हणाली, "येते हं." मी पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसलो होतो. मान हलवली. सत्तावीस वर्षं मी मानच हलवत आलो, आणि तिला ती कळायची. पण त्या दिवशी ती पाठमोरी होती. तिने मान पाहिली की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बार्शीहून फोन आला.

"ये" म्हणायचं होतं. एक अक्षर. तिला दिलं नाही ते आता अजिंक्यला कसं देऊ? पट्ट्यावर पळणाऱ्या पोरांना कसं देऊ?

पंखा दुरुस्त झाला. अजून चालू आहे.

बुधवार, २३ एप्रिल

कन्नड बंद करावं लागलं. महादेवप्पांनी आणखी दोन मित्र आणले. तिघंही काउंटरला टेकून उभे असतात, व्यायाम कोणीच करत नाही.

पुन्हा बोर्ड.

आज एक वाईट गोष्ट मनात आली. हे वाक्य मला जमलंच नाही, तर तीस तारखेला पृथ्वीराज नाही म्हणेल. नाही म्हणाला तर ऋतुजा राहील. मग मी खरंच प्रयत्न करतोय का? सकाळी तिने डबा हातात दिला, त्यात शेंगाची चटणी वेगळ्या पुडीत बांधली होती, तिची आई बांधायची तशी. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

अजिंक्यच्या आई अचानक क्लबात आल्या, लेक कुठे काम करतो ते बघायला. तो जिन्याखाली होता! मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, समोर बसलो आणि मान हलवत राहिलो. अर्ध्या तासाने तो तोंड पुसत वर आला. तोवर त्यांनी मला घरचं सगळं सांगितलं होतं. जाताना हळूच म्हणाल्या, "अंडी खातो, ते ठाऊक आहे हो मला. कपड्यांना वास येतो. पण त्याला सांगू नका, बिचारा एवढं लपवतोय."

दोघांचंही माझ्यापाशी. मी कुणालाच काही सांगणार नाही. या कामात मी पक्का आहे.

बुधवार, ३० एप्रिल

निकाल. पृथ्वीराजने मला केबिनमध्ये बसवलं. मी म्हणालो, वाक्य जमलं नाही. मनापासून केलं की नाही, तेही सांगता येत नाही. एका दमात मी एवढं कधी बोललो नव्हतो.

तो म्हणाला, "काका, गंमत ऐका. या पंधरा दिवसांत गायब होणारे गायबच झाले नाहीत. मी एकेकाला विचारलं, का येताय बाबांनो? काय म्हणतात माहितीये? ते काका इतके गप्प दारापर्यंत सोडायला येतात, की दुसऱ्या दिवशी नाही आलो तर त्यांचं काय होईल असं वाटतं!"

म्हणजे लोक व्यायामाला येत नाहीत. मला भेटायला येतात. दुखवट्यालाच! बजाबाई दारातून म्हणाल्या, "म्या काय म्हनलं हुतं!"

"नोकरी पक्की," पृथ्वीराज म्हणाला. "वाक्य जमेल तेव्हा म्हणा. बोर्ड आहेच."

घरी येऊन सांगितलं. ऋतुजाने मिठीच मारली. मग आत गेली आणि माळ्यावरून बॅग काढल्याचा आवाज आला.

गुरुवार, १ मे

तिची बॅग बंद होत नव्हती. मी वर बसलो. पंचावन्न किलो पुरले नाहीत. दोघांनी मिळून बंद केली.

शनिवार, ३ मे

सकाळची पाळी, म्हणून स्टेशनवर जाता आलं नाही. ऋतुजाच वाटेत रिक्षा थांबवून क्लबात आली. काउंटरच्या पलीकडे उभी, पर्स खांद्यावर, आईसारखीच घाईत. "बाबा, येते."

मी मान हलवायला गेलो आणि तोंडातून खणखणीत निघालं — "धन्यवाद, उद्या नक्की या!"

पट्टे थांबले. अजिंक्यने हातातलं वजन खाली ठेवलं. बजाबाई सोफ्यावरून, "म्हनला! म्हनला की रं!" आमच्या पेठेतला रिक्षावाला भिमा बॅग सांभाळत दारात आलेला, तो म्हणाला, "मला म्हणालाव का काका? उद्या किती वाजता?"

ऋतुजा हसत हसत डोळे पुसायला लागली. "उद्या कशी येणार, बाबा? पुढच्या शनिवारी येते." आणि वळली.

"ये," मी म्हणालो.

ती पाठमोरी होती. पण थांबली. ऐकू गेलं तिला.